अध्यक्षांचे चित्र भिंतीवरच राहावे म्हणून

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, नाशिक.

विषय : शाळेच्या सभागृहातील अध्यक्षांचे चित्र उतरवू न देण्याबाबत.
संदर्भ : इतिहास प्रदर्शनात जप्त झालेला अर्जदाराचा तक्ता.

महोदय,

अर्जदार कु. मृण्मयी ही रंगधारा विद्यालयात दहावीत शिकते. संस्थेचे अध्यक्ष किशोरराव यांनी आपल्या एकसष्टीला एका संस्थानिकाच्या जुन्या छापील चित्रातले राजाचे तोंड काढून तिथे स्वतःचे बसवून घेतले व ती भलीमोठी तसबीर सभागृहात लावली. अंगरखा, शिरपेच, मोत्यांचे कंठे, सगळे राजाचे. चष्मा तेवढा साहेबांचा.

प्रदर्शनासाठी अर्जदाराने मूळ चित्राचा अभ्यास केला. राज्य खरे कोणाचे, हे लोकांना घरबसल्या कळावे म्हणून इंग्रजांच्या काळात असली चित्रे छापत. यात राजा उभा आहे. शेजारी उंच खुर्ची, तीही रिकामी. तलवार कमरेला नाही, टेबलावर आहे, मूठ खुर्चीकडे. म्हणजे खुर्ची गोऱ्या साहेबाची, तलवारही त्याचीच, आणि राजे उभेच्या उभे. तक्त्यावर एवढेच लिहिले होते. अध्यक्षांचे नावसुद्धा घेतले नव्हते. परीक्षकांनी पहिला नंबर दिला.

बक्षीस समारंभात लोकांनी आधी तक्ता वाचला, मग मान वर करून भिंतीकडे पाहिले, आणि हॉलभर खसखस पिकली. अध्यक्ष म्हणाले, "ही पोरगी जरा जास्तच शिकलीय." तक्ता कपाटात गेला. बक्षीस त्यांचा पुतण्या धवल याच्या ज्वालामुखीला गेले. इतिहासाच्या प्रदर्शनात ज्वालामुखी कशाला, हे धवललाही सांगता आले नाही. अर्जदार त्या दिवशी घरी जाऊन रडली. आता रडत नाही.

कारण आता पाचवीची पोरेसुद्धा तसबिरीपुढे वाकून म्हणतात, "बसा की अध्यक्ष, किती वेळ उभे राहाल!" म्हणून भिंतीला ओल आल्याचे सांगून चित्र उतरवायचे चालले आहे. अर्जदाराने स्वतः भिंतीला हात लावून पाहिला. ठणठणीत कोरडी आहे.

तरी विनंती की, चित्र जागचे हलू देऊ नये व शेजारी अर्जदाराचा तक्ता तिच्या नावासह लावण्याचा आदेश द्यावा. बक्षीस धवलला लखलाभ.

स्नेहसंमेलनाला आपण प्रमुख पाहुणे आहात. आपली उंच खुर्ची बरोबर त्या चित्राखाली मांडतील. अध्यक्ष शेजारी उभे राहतील आणि संस्थेच्या पद्धतीप्रमाणे आपल्याला तलवार भेट देतील. मूठ आपल्याकडे असेल. आपण फक्त निवांत बसून राहावे. पुढचे आमची पोरे बघतील.

आपली नम्र, पण काहीही न विसरलेली,
मृण्मयी दिवाकर गायधनी
इयत्ता दहावी, नाशिक
दि. ३ डिसेंबर २०२५

सोबत : तक्त्याचा फोटो (जप्तीच्या आधी काढलेला).