दिग्रसच्या काट्यावरची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ

डोळे मिटले की अजून कापसाचे तंतू हवेत तरंगताना दिसतात. दिग्रसच्या जिनिंगमध्ये गेलती आज. सकाळी मीच घरून त्यांच्या लिनक्सच्या कंप्युटरवर नवीन जावा, म्हणजे ज्याच्यावर त्यांचा प्रोग्राम चालते ते, टाकला, आन वजनकाट्याचा प्रोग्राम उघडेना. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. जुन्या प्रोग्रामले जावाची जुनी आठ नंबरची आवृत्तीच लागते, हे काय मले माहीत नव्हतं? तरी तीनदा प्रोग्रामच काढून परत टाकला. कायले?

काट्यावरचे रहीमचाचा हळूच म्हणाले, "बेटा, जुना जावा फेकून देला काय?"

फेकला नव्हता. दोन्ही शेजारी शेजारीच होते. मी मशीनले जुना वापरायले सांगितलं, आन पहिल्या गाडीचं वजन पडद्यावर उमटलं.

मंग चाचांनी फुंकर मारून सीपीयूवरचा कापूस उडवला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती. "जावा आठच ठेवा. नवीन टाकू नका." अक्षर माझंच, काटा पहिल्यांदा सुरू करून देला तेव्हाचं, गोल गोल.

तंतू तिच्यावर परत बसून राह्यले होते. मी पुसले नाही. तेव्हाची ती पोरगी मले चांगलीच ओळखून होती.