संत्र्याचं दार

३ मार्च

गास्पारेने घात केला! बागेच्या भिंतीचं दार मोठं करून ठेवलंय. सकाळी पाहिलं. एकुलत्या एका संत्र्याच्या झाडासाठी बांधलेली ही गोल, उंच भिंत — आणि तिला हे भगदाड! आमच्या बेटावर पोरंटोरंही जाणतात, संत्र्याचं दार लहान ठेवायचं, माणसाने वाकून आत जायचं, म्हणजे वारा बाहेर राहतो. जावईबापूंना हे कोणी सांगावं!

विचारलं तर खाली मान घालून म्हणतो, "उन्हाळ्यात घर भाड्याने द्यायचंय ना, आई. पाहुण्यांना वाकायला नको."

पाहुण्यांची कंबर मोठी की लिबोरिओच्या आजोबांनी लावलेलं झाड? माझ्या नवऱ्याचा, लिबोरिओचा जीव आहे त्या झाडात. वाट्टेल ते बोलले.

५ मार्च

त्रापानीच्या हॉस्पिटलातून लिबोरिओचा फोन. झटका आल्यापासून जीभ जड झालीय. मग रोझाल्बाने फोन घेतला. "आई, बाबा बरे आहेत. समुद्र खवळलाय, तू बोटीने येऊ नकोस." बरे म्हणजे किती बरे? ही पोरगी लहानपणापासून असंच अर्धंमुर्धं सांगते.

त्याने झाडाचं विचारलं. "मस्त आहे," म्हटलं. फोन ठेवला आणि उठून पुन्हा ते दार बघून आले.

६ मार्च

वारा.

७ मार्च

अजून वारा! वायव्येचा, समुद्राचं मीठ घेऊन येणारा. दाराकडच्या फांद्यांची पानं करपली. कळ्या गळाल्या — ओंजळभर उचलल्या आणि रडले. दाराला पोती बांधली, तीही फाटली. घरी येऊन लिबोरिओने हे पाहिलं तर दुसरा झटका येईल. देवा, एवढं झाड जगव!

८ मार्च

शेजारची मिमा कुंपणावरून ओरडली, "अगं पिप्पीना, संत्र्याला गाढवावर बसवून फिरायला नेणारेस का? एवढं दार कशाला?" आणि हसत हसत मदतीला आली. दगड रचण्यात तिचा हात बसलेला. दोघींनी मिळून दार पहिल्यापेक्षाही लहान करून टाकलं.

गास्पारे सारखा मधेमधे. "आई, बाबा येईपर्यंत तरी थांबा ना."

"तो यायच्या आतच व्हायला हवं. तू हो बाजूला!"

तोंड पाडून उभा राहिला. राहू दे. आज तरी मला झोप लागेल.

१२ मार्च

लिबोरिओ आला. चाकांच्या खुर्चीत.

आता तो कधीच चालणार नाही. पोरीला ठाऊक होतं, जावयाला ठाऊक होतं — फक्त मला नाही. "तू धसका घेतला असतास," लिबोरिओ म्हणाला. मग बागेकडे बघत राहिला. "गास्पारे, खुर्ची आत जाईल एवढं दार कर म्हणालो होतो ना? झाडाला वारा लागला तर लागू दे. मला त्याच्याखाली बसायचंय रे."

गास्पारेने माझ्याकडे पाहिलंही नाही. "राहून गेलं, बाबा," म्हणाला.

मी तिथेच उभी होते.