ओर्लिनसाठी सोडलेली ओळ

मी, इंगा नेसेट, दिवंगत सिनेटर हाल्व्हर नेसेट यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार टॉर्वे, विस्कॉन्सिन. देवाच्या कृपेने शुद्धीत आहे आणि घरचा हिशेब अजून स्वतः ठेवते. कुणीही भरीस न घालता, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

कलम १. अंत्यविधी आमच्या लुथरन चर्चमध्ये व्हावा. पेटी साध्या पाइनची. फुलांवर खर्च नको. जेवण पोटभर द्यावे आणि कॉफी पातळ करू नये.

कलम २. घर आणि बँकेतली ठेव हाल्व्हरची भाची सोल्वे हिला. ठेवीचा दहावा भाग चर्चला. हाल्व्हर आजारी पडला तेव्हा सोल्वे आली ती राहिलीच. कोंबड्यांचे खुराडे तिने पाडू नये. ते हाल्व्हरच्या प्रचारफलकांचे आहे, आतून अजून त्याचे नाव दिसते. चांगली फळी टाकून कशी द्यायची?

कलम ३. पातळ गोड वेफर भाजायचा लोखंडी साचा माझी जाऊ मर्टल हिला. तो माझ्या आईचा. मर्टल पीठ घट्ट भिजवते हे इतकी वर्षे बोलले नाही, इथे लिहून ठेवते.

कलम ४. माझा धाकटा भाऊ ओर्लिन ब्रेके याला मी काहीही देत नाही. कारण नीट वाचावे. मला मूल नाही, दुसरे भावंडही नाही. मृत्युपत्र नसेल तर कायद्याने सगळे ओर्लिनला जाते आणि सोल्वे उघड्यावर येते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. साक्षीदाराची दुसरी ओळ मी ओर्लिनसाठी कोरी सोडली आहे. वकील म्हणाले, शेजारपाजारचे कुणीही चालेल. मी म्हटले, मला नाही चालणार.

कलम ५. हाल्व्हर चोवीस वर्षे राज्याच्या सिनेटमध्ये होता. सोमवारी पहाटे मी मेणकागदात सँडविच बांधून द्यायचे. तो राजधानी मॅडिसनहून येताना कागद घडी करून परत आणायचा. ओर्लिन पक्षाचा काउंटी अध्यक्ष. निवडणुकीच्या उन्हाळ्यात त्याचा मुक्काम आमच्याकडेच. दिवसभर दोघे गावोगाव हिंडायचे, मग आम्ही तिघे पत्ते मांडायचो. ओर्लिन लबाडी करायचा आणि सापडला की म्हणायचा, "सिनेटर, हे विधेयक मागे घेतो." तसे उन्हाळे पुन्हा आले नाहीत.

चौऱ्याहत्तर साली ओर्लिनने हाल्व्हरच्या उमेदवारी अर्जासाठी शेतोशेत फिरून शेकडो सह्या आणल्या. सोबत त्याने छापून घेतलेले पत्रक होते. विरोधी उमेदवार रूथ क्वामे ही शाळेतली शिक्षिका. तिचा मुलगा तुरुंगात होता, त्याचा फोटो त्यावर. हाल्व्हरने ते वाचले, सह्यांचा अर्ज घेऊन गाडीत बसला आणि संध्याकाळी तो दाखल न करता तसाच परत आणला. "इंगा, मी उभा राहत नाही," एवढेच म्हणाला. मुदत संपली होती, पक्षाकडे दुसरा माणूस नव्हता. जागा गेली, ओर्लिनचे अध्यक्षपद गेले. गावात कॉफीला एकत्र बसणारे पक्षवाले दोन टेबलांवर बसू लागले. ओर्लिन चर्चमध्ये पलीकडच्या बाकांवर गेला आणि आमच्या दारात आला नाही, हाल्व्हरच्या दफनालाही मागेच उभा राहिला. लोक कारण विचारत, हाल्व्हर म्हणे, "थकलो." पत्रक कुणाचे, हे त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितले नाही. ओर्लिन, तुला वाटते, हाल्व्हरने तुला तोंडावर पाडले. मला वाटते, त्याने तुला झाकले.

कलम ६. ओर्लिनने तेव्हा परक्यांच्या दारात जाऊन सह्या मागितल्या. मी सख्ख्या भावाला चिठ्ठी पाठवून एक मागते आहे.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर: ओर्लिन आज आला. टोपी काढली, पण बसला नाही. मी सगळे वाचून दाखवले.

"सही केली तर घर जातं," तो म्हणाला. "आणि नाही केली तर?"

"तर घर तुझं. सोल्वेला तूच बाहेर काढ, मला सांगायला येऊ नकोस."

त्याने टोपी टेबलावर ठेवली. "थकलो म्हणायचा? दुसरं काहीच नाही?"

"काहीच नाही."

मग त्याने खुर्ची ओढली. "पेन दे, ताई."

ठिकाण: टॉर्वे. दिनांक: १२ ऑक्टोबर १९९१.

सही: इंगा नेसेट

साक्षीदार:
१. हार्लन बेकम, शेजारी.
२. ओर्लिन ब्रेके, भाऊ. सहीचा साक्षीदार, आणि पाचव्या कलमाचाही.