जर्मनीहून आणलेले सेल

अण्णा, मागच्या महिन्यात चीनहून परत येताना विमानतळावरच्या तपासनिसाने माझ्या बॅगेतली पॉवर बँक काढून घेतली. तिच्यावरची बारीक अक्षरं घासून पुसली गेली होती. ती किती ताकदीची आहे हे वाचता येत नसेल तर विमानात नेता येत नाही, असा तिथला नियम. मी वाद घातला नाही. माझ्यामागे आमच्या चाकणच्या कंपनीतली नवी इंजिनियर उभी होती, पहिल्यांदाच देशाबाहेर आलेली. तिच्या पिशवीत इअरफोनचे दोन जोड, भावासाठी घड्याळ, आईसाठी मसाजचं कसलंसं यंत्र, आणि प्रत्येकाचा चार्जर वेगळा. पुढे सरकता सरकता तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही पहिल्यांदा बाहेर गेलात तेव्हा काय आणलं होतं?" मी म्हटलं, "सेल." ती हसली. मी चेष्टा करतेय असं तिला वाटलं. विमानात ती झोपून गेली आणि मी पुण्यापर्यंत जागीच राहिले. तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्या सेलबद्दल आपण दोघं एकमेकांशी एकदाही खरं बोललो नाही, हे मला त्या प्रवासात नीट मोजूनमापून कळलं. म्हणून लिहायला बसले आहे.

तुमचे कान प्रेस शॉपने खाल्ले. हे वाक्य आपल्या घरात इतक्यांदा बोललं जायचं की लहानपणी मला प्रेस शॉप हा एखादा प्राणी वाटायचा. भोसरीच्या त्या शेडमध्ये पत्र्यावर दिवसभर पडणारे घाव मी पुढे नोकरीला लागल्यावर ऐकले, तेही कानात बोळे घालून. तुमच्या काळात बोळे कुणी घालत नव्हतं. मी सहावीत असताना डावा कान गेला. उजव्याला मशीन लागलं. कातडीच्या रंगाचं म्हणून दिलेलं, पण तुमच्या कानामागे ते दुरूनही उठून दिसायचं. त्याला शर्टाच्या बटणाएवढा सेल लागायचा. तो पिंपरी कॅम्पातल्या एकाच दुकानात मिळायचा आणि आठवड्याभरात संपायचा. म्हणून तुम्ही मशीन बामच्या रिकाम्या डबीत ठेवायचात आणि बँक, डॉक्टर, गावाकडचे पाहुणे, एवढ्यांसाठीच बाहेर काढायचात. घरच्यांसाठी नाही. घरचे ओरडायचे. काळेवाडीच्या आपल्या गल्लीत माझे गणिताचे मार्क सगळ्यांना पाठ होते, कारण ते मी तुम्हाला सांगितलेले असायचे.

नववीत असताना मी ते मशीन न विचारता शाळेत नेलं होतं. मैत्रिणींना दाखवायला. प्रत्येकीने कानाला लावून बघितलं आणि बंद करायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ होता. तुम्ही हाफ डे टाकून आला होतात, इस्त्रीचा शर्ट घालून, मशीन लावून. सेल संपलेला. तुम्हाला माझं नाव पुकारलेलं कळलं नाही. तुम्ही माझ्या आधीच्या मुलीसाठी टाळ्या वाजवत राहिलात आणि मी स्टेजवर असताना खाली बघत होतात. घरी येऊन तुम्ही मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "माझा कान खेळणं नाही गं." त्यानंतर मी त्या डबीला हात लावला नाही.

पुढे मी इंजिनियर झाले, चाकणला लागले, आणि तिसऱ्या वर्षी कंपनीने मला सहा आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवलं. तिकडून येणारं एक मोजमापाचं यंत्र आधी तपासून घ्यायचं होतं. ऑफिसात ज्याने त्याने यादी दिली. कॅमेरा आणा, दाढीचं मशीन आणा. आमच्यातल्या एकाने आधी जपानहून हेअर ड्रायर आणला होता, तिकडच्या शंभर व्होल्टचा. तो दिघीच्या घरी लावल्याबरोबर धूर निघाला आणि बायको आठवडाभर बोलली नाही, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून जो तो मला बजावायचा, व्होल्टेज बघ. तुम्ही काहीच मागितलं नाहीत. मी निघताना तुमच्या डबीतला एक संपलेला सेल कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला, नमुना म्हणून.

ते एक लहान गाव होतं. कारखाना, चर्च, बेकरी आणि कानाच्या यंत्रांचं एक दुकान. चष्म्याच्या दुकानासारखं स्वच्छ. दुकानदार साठीचा, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट. मी कागद उलगडला. त्याने सेल चिमटीत धरून बघितला आणि खणातून तसेच चार काढले. म्हणाला, हे पुन्हा भरता येतात. रोज भरायचे, एक दिवस चालतात, दुसऱ्या दिवशी दुसरा. मी चार्जर उलटा करून खालची पट्टी वाचली. दोनशे तीस व्होल्ट. आपल्याकडे चालणार होता. पिना जाड आणि गोल होत्या, आपल्या सॉकेटमध्ये जरा हलतील एवढंच. त्याने विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, वडिलांसाठी. काय काम करतात? मी मूठ वळून टेबलावर दोनदा आपटली. तो म्हणाला, "आ, प्रेस," आणि खणातून आणखी दोन सेल काढून माझ्या पुढ्यात ठेवले. परत येताना ते सहाही सेल मी हातातल्या पिशवीत ठेवले होते, एकमेकांना टेकू नयेत म्हणून प्रत्येकाला चिकटपट्टी लावून.

तुम्ही तेव्हा नुकतेच रिटायर झाला होतात. सेल रोज भरता येतो हे तुम्हाला पटायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासल्यावर तुम्ही मशीन कानात घातलंत आणि संध्याकाळपर्यंत काढलं नाहीत. मग रोजच. तो महिना मला अजून जसाच्या तसा दिसतो. तुम्ही ओट्याजवळ येऊन उभे राहता, कुकरची शिट्टी होईपर्यंत. आईच्या हातून वाटी पडते आणि तुम्ही वळून बघता. एकदा जेवताना तुम्ही मध्येच हात थांबवून आईला म्हणालात, "तुझ्या छातीत शिट्टी वाजती का गं?" आई म्हणाली, "काहीतरीच!" पण ती वाजत होती. मी रोज तिच्या शेजारी झोपत होते आणि मला ती ऐकू आली नव्हती. तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलंत. दमा निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आईच्या उशाशी आजही जो पंप असतो तो तुम्ही ऐकलात म्हणून आहे.

आम्हाला मात्र तुमच्या ऐकण्याची सवय झाली नव्हती. तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलायची खोड आम्हा मायलेकींना इतक्या वर्षांत लागलेली होती. तुम्ही खोलीत असायचात आणि आम्ही आवाज जरा खाली आणला की तुम्ही नसायचात.

तो गुरुवार होता. भोसरीची सुटी गुरुवारची, आणि आपल्याकडे लाइटही गुरुवारीच जायची, म्हणून रिटायर झाल्यावरही तुम्ही घरातली वायरिंगची कामं गुरुवारी काढायचात. पंख्याचा रेग्युलेटर उघडून तुम्ही पुढच्या खोलीत खाली बसला होतात. मी त्या दिवशी रजेवर होते. मी आणि आई स्वयंपाकघरात. मधल्या दाराला फक्त पडदा होता, तो बाजूला सारलेला. आदल्या दिवशी कंपनीने मला दोन वर्षांसाठी जर्मनीला जाता का विचारलं होतं. आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "जायचं तर जा. पण त्यांला कोण सांगणार? तू गेलीस तर ते कुणासंग बोलतील? माझ्यानं आता ओरडवत नाही."

मी म्हटलं, "मी तरी किती ओरडू, आई? लहानपणापासून ओरडूनच बोलतेय मी. ऑफिसात माझा आवाज चढतो तर लोक बघतात. अण्णांशी बोलायचं म्हटलं की मला दमायला होतं. मला असं कुठंतरी राहायचंय जिथं हळू बोललं तरी चालतं."

पुढच्या खोलीत तुमचा स्क्रू ड्रायव्हर पडला आणि तुम्ही तो उचललात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सहाही सेल माझ्यासमोर टेबलावर ठेवलेत. "टिकंनात गं हे. दुपारपतोर बी जाईनात. परत करता येतात का बघ." मी ते कंपनीत नेले. प्रयोगशाळेत मीटर लावून एकेक तपासला. नंतर लोड टाकून तपासला. सहाच्या सहा ठणठणीत होते. संध्याकाळी बसमधून उतरले, घरी आले, तुमच्या समोर बसून मोठ्याने म्हणाले, "हो अण्णा, लॉटच खराब दिसतोय." तुम्ही हसलात. "जर्मनीवाले बी फसवत्यात म्हण की!" मग इकडंतिकडं बघून म्हणालात, "कंपनी पाठवती तर जाऊन ये. तिथं बोलायला त्रास नसंल." तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं नाही.

मी गेले. त्याच गावात दोन वर्षं राहिले. हळू बोलले. सुरुवातीला घरमालकीण सारखं "काय?" म्हणायची, इतका मी आवाज खाली आणला होता. एकदा बेकरीत तो दुकानदार भेटला. वडिलांचे सेल कसे चालले आहेत, त्याने विचारलं. मी म्हटलं, फार छान. तुम्ही पुन्हा कॅम्पातून साधे सेल आणायला लागला होतात आणि मशीन फक्त रविवारी, माझ्या फोनपुरतं लावायचात, हे आईने सांगितलं होतं. फोनवर मी मुद्दाम हळू बोलायचे. तुम्ही प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायचात. थंडी किती, जेवायला काय, यंत्र बसलं का. त्यापलीकडे आपण गेलो नाही.

परत आल्यावर माझं लग्न झालं. पुढे काही वर्षांनी तुम्ही चिंचवडच्या हॉस्पिटलात नऊ दिवस होतात. मशीन नर्सने काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिलेलं. मी तुमच्या कानाशी वाकून मोठ्याने बोलायला लागले तर ती म्हणाली, "मॅडम, हळू. बाकीचे पेशंट आहेत." मग मी हळू बोलले. तुम्ही प्रत्येक वाक्याला मान हलवलीत. काय ऐकलंत, मला माहीत नाही. मी तेव्हा पाण्याबद्दल आणि उशीबद्दल बोलत होते.

तुमचे दिवस झाल्यावर आईने मला विचारलं होतं, "त्या वेळचं आपलं बोलणं त्यांनी ऐकलं असंल का गं?" मी म्हटलं, "नाही. मशीन कुठं होतं त्यांच्या कानात." तिला बरं वाटलं. ती आजही तसंच समजते, आणि म्हणून हे लिहिलेलं तिच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणार आहे. कंपनीच्या लॅपटॉपवर, जुन्या तपासणी अहवालांमध्ये. तिथे कुणी जात नाही.

मी पुष्कळ वर्षं स्वतःलाही सांगत आले की माझ्या तोंडून ते चुकून निघालं, सवयीने. तसं नव्हतं अण्णा. तुम्हाला ते तोंडावर सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते वाक्य मला ओरडता येत नव्हतं. बोलण्याआधी मी मान वळवून पुढच्या खोलीत बघितलं होतं. मशीन तुमच्या कानात होतं.