खाणीतलं पांढरं गिधाड

८ फेब्रुवारी, रविवार

सामान लावून झालं. सोनागिरीतल्या या घराचा वरचा मजला म्हणजे एक खोली, पुढे गच्ची आणि गच्चीवर वाकलेलं कडुलिंबाचं झाड. माझ्या नव्या कारखान्याच्या गेटपर्यंत स्कूटरवर बारा मिनिटं. सांगलीहून निघताना आईला एकच काळजी होती, तिकडे हिंदी मुलखात आपलं बोलणारं कोणी भेटेल का. भेटलं म्हणजे काय, घरमालकीणच मराठी निघाल्या. रत्नप्रभा देशकर. वय अडुसष्ट, मूळच्या नागपूरच्या, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. यजमान अच्युतराव आमच्याच कारखान्यात होते, तीन वर्षांपूर्वी गेले. मी काकू म्हणतो, त्या पहिल्या दिवसापासून अरेतुरे करतात. बरं वाटतं.

सामानात त्यांना माझी कॅमेऱ्याची बॅग दिसली. मी आपला कृष्णेच्या घाटावर बगळे टिपणारा हौशी माणूस. सेकंडहँड बॉडी आणि गेल्या दिवाळीत घेतलेली १५०-६०० ची लेन्स. काकूंनी लेन्स हातात घेतली, रबरी पंपाने आधी धूळ उडवली, मग कापडाने काच पुसली आणि म्हणाल्या, लेन्स चांगली आहे, आता माणूस बघू. मग खाली नेऊन आपली भिंत दाखवली. तीस-चाळीस फोटो असतील. एकापुढून मला हलवेना. भर दुपारचं ऊन, बुलबुलाची मादी घरट्याच्या काठावर उभी, दोन्ही पंख छत्रीसारखे पसरलेले आणि त्या सावलीत तीन पिल्लं, चोची उघड्या. एवढी माया मी फोटोत कधी पाहिली नव्हती.

काकूंना म्हटलं, मला शिकवाल का? म्हणाल्या, पहाटे उठावं लागेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

दोन रविवार मोठ्या तलावाच्या काठी झाले. काकू मागच्या सीटवर, मांडीवर कॅमेरा, गळ्यात मफलर. चालायला माझ्यापेक्षा चपळ.

मी आजवर पक्षी मध्यभागी धरून बटण दाबायचो. काकूंचं म्हणणं, पक्षी बघायचाच नाही, त्याचा डोळा बघायचा. डोळ्यात ऊन चमकत नसेल तर बोट उचलायचं. उडणाऱ्यासाठी शटरचा वेग दोन हजारच्या वर, बसलेल्यासाठी आठशे पुरे. श्वास अर्धा सोडून धरायचा. आज खंड्या पाण्यातून मासा घेऊन वर आला तो क्षण मला मिळाला, थेंबांसकट. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला तर माशाचा डोळासुद्धा स्पष्ट. काकूंनी पाठीवर थाप मारली.

एक वही कमरेच्या पाउचमध्ये ठेवायला सांगितली आहे. कुठल्या वेळी कुठून ऊन येतं, ते तिथल्या तिथे लिहायचं. म्हणून आता हीच रोजनिशी बरोबर फिरते.

१५ मार्च, रविवार

कारखान्यात माझ्याच शॉपमधला प्रसाद म्हणतो, भाई, तू तो पूरा बर्डवाला हो गया. तो पिपलानीच्या क्वार्टर्समध्ये राहतो, रविवारी क्रिकेटला बोलवतो. गेलो नाही. शनिवार संध्याकाळपासून माझं डोकं दुसरीकडेच असतं.

इथल्या फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपवर माझा खंड्या टाकला. चांगला प्रतिसाद आला. काकूंना दाखवला तर त्या म्हणाल्या, खंड्या सगळ्यांकडे असतो.

२९ मार्च, रविवार

आज ती छत्री कशी उघडते ते कळलं.

कॉलनीमागच्या बागेत बोगनवेलीत बुलबुलाचं घरटं आहे. आत, गर्द पानांत, पिल्लं चारेक दिवसांची. मी म्हटलं, यात फोटो कसा मिळणार, नुसता अंधार. काकूंनी पर्समधून शिवणाची कात्री काढली. वरची पानं कापली, मग पश्चिमेची. मला दोन फांद्या मागे धरायला लावल्या. मी धरल्या, त्यांनी दोरीने बांधून टाकल्या. पाच मिनिटांत घरटं उघड्यावर आलं आणि आम्ही वीस फुटांवर जाऊन बसलो. पावणेबाराला ऊन थेट पिल्लांवर आलं. मादी आली, चोचीतला किडा टाकून दिला आणि पंख पसरून उभी राहिली. तिची चोच उघडी होती, ती धापा टाकत होती. ती हलली असती तर पिल्लं भाजली असती, आणि ती हलली नाही. काकूंनी अडीच तासांत सहाशे फ्रेम घेतल्या.

येताना मी विचारलं, आता फांद्या सोडून पानं परत बांधायची ना? काकू म्हणाल्या, बांधलेलं पान टिकतं होय?

३१ मार्च, मंगळवार

ऑफिसला जाताना बागेत डोकावलो. तिन्ही मेलेली. मुंग्या लागल्या होत्या. मादी शेजारच्या तारेवर बसून ओरडत होती. काकूंना सांगितलं. भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, ओरडतानाचा घेतलास का?

१२ एप्रिल, रविवार

लिहायचं नव्हतं, पण लिहितो. आज काकू नव्हत्या. शिंजिराचं घरटं मीच शोधलं, कात्रीही माझीच. ऊन यायला एक तास लागला, त्या तासात मी तीनदा उठून फांद्या सोडून निघून जाणार होतो. मग मादी आली.

फोटो ग्रुपच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. त्याखाली कोणीतरी लिहिलंय, आईची माया. आईने तो पाहून फोन केला, रडत होती.

१९ एप्रिल, रविवार

प्रदर्शनाची बातमी कळल्यावर काकूंनी शिरा केला आणि कपाटातून एक अल्बम काढला. म्हणाल्या, आता तुला कळेल.

सगळे फोटो अच्युतकाकांचे. खाटेवर, खिडकीशी. अकरा दिवस. रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी, खिडकीतलं सकाळचं ऊन अर्ध्या चेहऱ्यावर. गाल खाली जाताना दिसतात. शेवटच्या दिवसाचे फोटो खूप, मिनिटामिनिटाचे. एकात त्यांनी हात कॅमेऱ्याकडे केलाय, बोटं पसरून. पुढच्या सातआठ फोटोंत तो हात हळूहळू खाली येतो.

डॉक्टरांना कधी बोलावलं, मी विचारलं. काकू म्हणाल्या, दोन तासांनी, ऊन सरकल्यावर. मग म्हणाल्या, माणूस जाताना डोळ्यातून नेमकं काय जातं ते मला टिपायचं होतं रे. आलं नाही. खिडकीचा प्रकाश अपुरा पडला.

त्यावर मी जे पहिलं बोललो ते इथे लिहून ठेवतो, कारण ते मला विसरायचं नाही. मी विचारलं, लेन्स कुठली होती?

२६ एप्रिल, रविवार

प्रसादला दुसरी खोली बघायला सांगितली. पिपलानीत त्याच्या शेजारी एक आहे, पंधरा मेपासून मिळेल. काकूंना सांगितलं तर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जायच्या आधी एकदा पांढरं गिधाड बघून घे.

केरवा धरणाच्या पलीकडे एक बंद दगडखाण आहे. तिच्या उभ्या कड्यात जोडी घरटं करून आहे, पिल्लू मोठं झालंय. ही जागा त्यांनी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. मला नको म्हणता आलं नाही. खरं म्हणजे म्हणायचंच नव्हतं.

२ मे, शनिवार

सोमवार-मंगळवारची रजा मिळाली. ऑफिसात सांगलीला जातो म्हणून सांगितलं, पक्ष्यांसाठी कोण रजा देणार. प्रसादलाही तेच सांगितलं, काकूंची अट होती, जागा फुटता कामा नये. आईला मात्र कळवलंय की जंगलात आहे, रेंज नसेल. ती म्हणाली, काकू आहेत ना बरोबर, मग मला घोर नाही.

३ मे, रविवार

सकाळी नऊ. लिहिता येतंय, म्हणजे डोकं ठीक आहे.

घरट्यापुढे एक झुडूप आडवं येत होतं. काकू म्हणाल्या, दोन पायऱ्या उतर आणि फांदी मोड. कॅमेरा, बॅग, फोन वरच ठेवून उतरलो. दुसऱ्या पायरीचा दगड निघाला. वीसेक फूट खाली या कपारीवर आपटलो. कपार खाटेएवढी. खाली आणखी तीस फूट, मग दगड. उजवी मांडी मोडली आहे, पाय बाहेर वळलाय, हलवला की डोळ्यांपुढे पांढरं होतं. घरटं इथून हातभर उंचावर, डावीकडे.

काकूंना ओरडून फोनचा नंबर सांगितला, उघडायचा. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस, रेंजपर्यंत जाऊन लावते.

दुपार. परत आल्या. समोरच्या काठावर बसल्यात, छत्री लावून. मदत कधी येते विचारलं. म्हणाल्या, जोडी बिथरेल, ओरडू नकोस.

साडेचार. ट्रायपॉड लावलाय. लेन्स घरट्याकडे नाही.

४ मे, सोमवार

रात्री घरी गेल्या होत्या. माझ्या स्कूटरचा आवाज ऐकला, चालवता येते हे कधी बोलल्या नव्हत्या. सकाळी आल्या.

फोन लावलाच नाही. स्वतःच सांगितलं, शांतपणे, शाळेत धडा समजावावा तसं. आईचा मेसेज आला होता, तिला लिहिलं, मजेत आहे, उद्या बोलू. माझ्या फोनवरून. नंबर मीच दिला होता.

खूप ओरडलो. घसा गेला. इकडे गुरंही येत नाहीत.

जीभ टाळूला चिकटते. काकू म्हणाल्या, एक तास अजिबात न हलता पडून राहा, पाणी देते. पडून राहिलो. नर आला, कपारीच्या टोकाला बसला. पिवळं तोंड. बघत होता. तास झाला. काकू वळसा घालून माझ्या वरच्या काठावर आल्या आणि दोरीने अर्धी बाटली सोडली. शब्द पाळतात.

पाणी पिताना मी रडलो आणि थँक्यू म्हणालो. थँक्यू.

संध्याकाळ. पायाला वास येतोय. माश्या. त्यांनी विचारलं, माझ्या डोळ्यांवर ऊन किती वाजता येतं. सांगितलं. आठ वीस. वहीत लिहिलं होतं.

५ मे, मंगळवार

आल्या. केस धुतलेले. पांढरी साडी नको म्हणून हिरवी नेसल्यात, पक्ष्याला खटकू नये.

दोरीने पिशवी आली. पाणी वाटलं. दातांनी फाडली. आतडी. खाटकाकडची. छातीवर, मानेवर, सगळं —

पुसू नकोस म्हणतात. पुसलं तर पाणी नाही.

पुसलं नाही.

दोन्ही आले. मादीसुद्धा. चालतात, उड्या मारत, कोंबडीसारखे. एकाने पोटावरचं ओढलं. शर्टही ओढला. कातडी —

हाकललं. उडाले. काकू कधी नव्हे ते रागावल्या. म्हणाल्या, दोन दिवसांची मेहनत गेली. मी माफी मागितली.

आठला पाच कमी. काकू सांगतात, एकदा चेहऱ्याजवळ येऊ दे. डोळे उघडे ठेव. एकच फ्रेम. लगेच जाऊन फोन लावते. काल पाणी दिलं की नाही?

दिलं होतं. खरंच दिलं होतं.

ऊन हनुवटीपर्यंत आलंय. नर खांद्याशी. वास. त्याच्या डोळ्यात मी —

पेन हलतं म्हणून तो मागे सरतोय. काकू म्हणतात, गौरांग, वही ठेव बाळा, हात हलतोय. माझा फोन वर धरून दाखवतायत, स्क्रीन चालू आहे, दिसतेय मला. ठेवतो काकू. एकच म्हणालात ना, एक झाली की लगे