अंडं बॅट धरत नाही

सोमवार, दि. १४ नोव्हेंबर

आदरणीय दाजी,

सादर नमस्कार. (रीत आहे म्हणून लिहिला. फार मनावर घेऊ नका.)

पत्र मिळालं. मी फोन उचलत नाही म्हणून पत्र धाडलंत, बरं केलंत. फोनवर तुम्ही कुणाला बोलू देत नाही. पत्रात निदान माझी पाळी येते. इकडे सगळं ठीक. तुमची चिंगी जेवते, झोपते, गॅलरीत बसून माझी जुनी मासिकं चाळते. डाव्या हाताने चाळते म्हणून जरा वेळ लागतो, एवढंच. ताईही बरी आहे.

शनिवारच्या तुमच्या कार्यक्रमाचं आमंत्रण वाचलं. 'मेहुणीबाई, बॅटिंग ग्लव्हजचं डिझाइन तुमचं, मान तुमचा, स्टेजवर येऊन दोन शब्द बोला.' वा, दाजी! इतके दिवस आयत्या बिळात नागोबा होऊन बसलात, जाहिरातीत स्वतःचा फोटो लावलात, आणि आता एकदम बीळ खोदणारीची आठवण झाली? कुणीतरी कार्बन फायबरबद्दल प्रश्न विचारील आणि तुमची तंतरेल, ही भीती आहे, दुसरं काही नाही.

दुकानातला तुमचा खेळही मोबाइलवर पाहिला. काउंटरवर फोमची गादी, गादीवर ग्लव्ह, ग्लव्हमध्ये अंडं, आणि वरून हातोडा. अंडं शाबूत! लोक टाळ्या वाजवतात आणि तुम्ही ते अंडं वर धरून असे हसता, जणू तुम्हीच घातलंय.

अहो, अंडं बॅट धरत नाही! अंड्याखाली तुमची मऊ गादी असते, खेळणाऱ्याच्या बोटाखाली बॅटचा दांडा असतो. वरून चेंडू, खाली लाकूड, मध्ये बोट. दाराच्या फटीत सापडावं तसं चेंगरतं. म्हणून तर मी प्रत्येक बोटावर कार्बन फायबरची कमान बसवली होती. कापडाचे थर आडवे-उभे रचून, रेझिन पाजून, साच्यात दाबून, भट्टीत कडक केलेली. कमानीचे दोन्ही पाय दांड्यावर टेकायचे. चेंडूचा मार कमानीतून थेट दांड्यात जायचा आणि बोट आत निवांत राहायचं. डिझाइन म्हणजे तेवढंच होतं, दाजी. बाकीची शिवण-टिपण कुणीही करतं.

आणि तुम्ही नेमके पायच छाटलेत. कशासाठी? तर फोटोत बोटं जाड दिसतात! मला न विचारता साचा बदललात. पाय गेल्यावर कमान कसली राहते? नुसती कडक पट्टी उरते, आणि सगळा मार घेऊन ती बोटावरच बसते. हे सांगायला मी कारखान्यात आले, तर सगळ्या कारागिरांसमोर म्हणालात, 'बायकांना कशाचीही भीती वाटते.' वर माझ्यासाठी चहा मागवलात. तो मी प्यायले नाही, हे तुमच्या लक्षातही आलं नसेल.

असो. चिंगीचं लिहायचं टाळतेय, ते माझं मलाच कळतंय.

तिला शनिवारी ग्लव्हज घालून फोटोसाठी उभी करायचीय म्हणता. आणि 'पोरगी फोन घेत नाही, मावशीने लाडावून ठेवलीय.' तिच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, दाजी. निवड चाचणीत झालं, तुमचेच ग्लव्हज घालून. माझे ते जुन्या साच्यातले, पायांच्या कमानीचे बोजड ग्लव्हज पिशवीत होते, मी काढूनही दिले. 'बाबांनी पाठवलेत, मी तेच घालणार,' म्हणाली. चेंडू काही फार वेगाचा नव्हता, जरासा उसळला. तर्जनीच्या हाडाचा चुरा झालाय, आत तार घातलीय. डॉक्टर म्हणतात, जखम भरेल, पण वरचं पेर वाकणार नाही. पुन्हा बॅट धरता येईल का, असं मी विचारलं, तर ते चष्मा पुसत बसले.

ताई माझ्या घराच्या रंगकामाला मदत करायला आलीय, असं तुम्हाला वाटतं ना? कसला रंग नि कसलं काय! ती पोरीच्या शर्टाची बटणं लावते आणि स्वयंपाकघरात जाऊन रडते. सगळं घर तुमच्यापासून लपवतंय आणि तुम्हाला संशयसुद्धा येत नाही. स्वतःच्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू आलं तर ना!

चिंगीने आम्हाला शपथ घातली होती. ती मी आज मोडतेय. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि ते मला सोसणारही नाही. पण तुम्ही शनिवारी लोकांच्या पोरांच्या हातांत हेच घालणार असाल, तर शपथ गेली चुलीत. कार्यक्रम रद्द करा. दुकानांत गेलेली खेप परत मागवा. आणि 'तिनेच बॅट चुकीची धरली असेल' हे वाक्य जिभेवर आलं असेल, तर तिथेच गिळा.

शपथ तिने तुमच्या ओरडण्याला भिऊन घातली, असं मला आधी वाटलं होतं. तसं असतं तर बरं झालं असतं. मी मैदानावर धावत पोचले, तेव्हा ती गवतात बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि दुखऱ्या हाताचं मनगट तोंडाशी धरून दातांनी काहीतरी ओढत होती. मला वाटलं, ग्लव्ह काढतेय. ती ग्लव्ह काढत नव्हती. मनगटावरची तुमच्या नावाची पट्टी उसवत होती.

'मावशी, लवकर, लोक यायच्या आत,' म्हणाली. 'नाहीतर बाबांचं नाव खराब होईल.'

राहिलेले टाके मी तोडले. तुमच्या नावासाठी मी केलेलं ते शेवटचं काम.

तुमची कुणी नाही,
चिंगीची मावशी