कुहीचं दोन तोंडांचं वासरू

४ सप्टेंबर १९३४
मालगुजारसाहेबांच्या अजबखान्यातल्या जनावरांना लावायच्या सतरा चिठ्ठ्या लिहिल्या. खवल्या मांजर, मोर, छताला टांगलेली मगर. सगळी बाबांनी पेंढा भरून उभी केलेली. युरोपातले जुने सरदार अशा खोल्या सजवत म्हणे. दिवाळीत उघडणार. आठवड्यातून एक दिवस शाळेच्या मुलींनाही ही खोली पाहू द्यावी, असं मी सुचवलं. साहेब हसले. "बी.ए. झाल्या ना तुम्ही, म्हणून सुचते असं."
चिठ्ठीवर बाबांचं नाव घालायचं नाही. विचारलं होतं.

६ सप्टें.
लक्ष्मण गोवारी कुहीहून साहेबांच्या अजबखान्यासाठी दोन तोंडांचं वासरू घेऊन आला. पहाटे जन्मलं, तासाभरात गेलं. बैलगाडीनं नागपूर गाठेतो संध्याकाळ. ते पाहून आई आत गेली ती बाहेर आलीच नाही.
गोवाऱ्यांत मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवतात. ती चाटते, पान्हा सोडते. "कातडं मले देता का जी? गाय हंबरून राहिली."
"साहेबाचं हाय गा हे," बाबा म्हणाले.
 लक्ष्मण रिकामी टोपली घेऊन गेला.

८ सप्टें.
साहेबांच्या कपाटात कातडी टिकवण्याचं इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात सोमल या विषावर एक पान. तळहातावर कठीण दाणे, बोटं बधिर, पायांची आग, पुढे…
कसर लागू नये म्हणून बाबा तीस वर्षं कातड्यांना सोमलाचा साबण उघड्या हातांनी चोळतात.
घरी येऊन बाबांकडे हातमोज्यांचा विषय काढला. "काहून वं? बोटाले दिसलं पाहिजे. मोज्यात बोटं आंधळी होते." आई म्हणाली, "तिचं ऐका. नाही तं शिकवली कशाले?"
"हे वासरू होऊ दे," बाबा म्हणाले.
मोराच्या वेळीही हेच. मगरीच्याही.

९ सप्टें.
बाबा बाजारात गेले तेव्हा साबणाचा डबा रिकामा केला. जुना साबण माझ्या पेटीत, कुलपात. नवा मी घोटला. साबण, कापूर, चुना, सगळं त्यांच्याच मापानं. सोमलाच्या जागी खडूची पूड. रंग तोच, वास तोच. भीती एकच, हाताला लगेच कळेल. तीस वर्षांचा हात.

१० सप्टें.
दिवसभर चोळत होते. कळलं नाही.
मी हसायला हवं होतं. परसात जाऊन रडले.

१८ सप्टें.
वासरू पोचतं केलं. एक तोंड वर, एक खाली, काचेचे चार डोळे. सुंदर झालंय. लिहिताना लाज वाटते.

३० सप्टें.
कसर लागली. पाठीवर टकलं पडली, कानातून अळ्या. साहेबांनी परत पाठवलं, माझी चिठ्ठी गळ्यात तशीच. निरोप: म्हाताऱ्याची नजर गेली.
बाबा जेवले नाहीत. "सोमल कमी पडला माह्या हातून. आता त्या नव्या अस्वलाच्या कातड्याले दुप्पट लावीन."
आई माझ्याकडे पाहत होती. तिला संशय आहे का, कळत नाही.

२ ऑक्टो.
लक्ष्मण पुन्हा आला. वासरू परत आल्याचं कुहीत कळलं होतं. "आता तं द्या जी. सरकी घालून घालून थेंबभर काढतो. आटून राहिली."
"नाही गा. सोमल हाय यात. गाय चाटन आन् मरन. मले पाप लागन."
"पुसून घेतो ना."
"पुसून जात नसते बापा ते."
लक्ष्मण त्या टकल्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ओसरीत मुक्काम आहे. सकाळी बैल जुंपेल.
त्या कातड्यात विष नाही. बाबांनी भरलेल्या सगळ्या जनावरांत गाईनं चाटावं असं ते एकच. हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. सांगितलं तर गाईला वासरू मिळेल, अस्वलाला दुप्पट सोमल लागणार नाही. पण मग त्यांना हेही कळेल की दिवसभर खडू चोळला आणि बोटांना…
दिवेलागण झाली. अंगणात अस्वलाचं कातडं पसरलंय, शेजारी डबाभर नवा साबण. बाबांनी स्वतः घोटलाय. आत्ताच हाक मारली. "इंदे, तू शिकली हायेस. त्या पुस्तकात पाह्य ना वं, माही चूक कोठं झाली ते."
पुस्तक मांडीवर आहे. बाबा दारात उभे आहेत.